गावाला पूर, आपण परदेशात: लांबून नेमकं काय करायचं

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेल्याची बातमी आली की दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत एकच धांदल उडते. थोरला फोन लावतो, मग धाकटी लावते, मग जावई. तिन्ही वेळा प्रश्न तेच: पाणी कुठवर आलं, जेवलात का, लाइट आहे का. लाइट गेलेली असते, आणि या तीन फोनांत आईच्या मोबाइलची उरलेली बॅटरीही जाते. रात्री पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा फोन बंद.

लांब असलेल्या माणसाकडे पूरग्रस्त घरात नसलेल्या दोन गोष्टी असतात, वीज आणि इंटरनेट. या दोन्हींवर होणारी सगळी कामं तुमच्याकडे घ्या आणि घरच्यांना फक्त जीव सांभाळायचं काम ठेवा. खाली जे सांगितलं आहे ते कृष्णा-पंचगंगेच्या काठचं आणि चिपळूण-महाडकडचं आहे. दोन्हीकडचा पूर सारखा नसतो, म्हणून तयारीही सारखी नाही.

मे महिन्यात ठरवायचा आकडा

कृष्णेचा पूर चढत चढत येतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ आणि धोका ४३. हे आकडे शहराचे झाले. तुम्हाला हवा असतो तुमच्या घराचा आकडा: पुलापाशी किती फूट झाल्यावर आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी येतं, आणि किती झाल्यावर उंबऱ्याला. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड किंवा कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या जुन्या माणसाला विचारा, तो इंचात सांगेल. दोन्ही आकडे लिहून ठेवा. पाणी घराला लागल्यावर निघायचं नसतं. गल्लीचं तोंड बंद झालं की घर कोरडं असूनही बेट झालेलं असतं, म्हणून निघायचा आकडा गल्लीच्या आकड्याहून दोन-तीन फूट कमी धरा.

मागच्या पुराची भिंतीवरची खूण हा सगळ्यात मोठा फसवा सल्लागार. २००५ ला इथपर्यंतच आलं होतं म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक कुटुंबं माडीवर सामान टाकून बसली. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. माडीवरून मग बोटीनेच उतरावं लागलं. आणि बोट म्हणजे सुटका झालीच असं नाही: ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली.

आई-वडील निघायला तयार नसतात हे गृहीत धरा. ऐन पुरात फोनवर भांडून उपयोग नाही. मे महिन्यात, कैरीचं लोणचं घालायच्या दिवसांत, शांतपणे आकडा कबूल करून घ्या आणि न निघण्याचं खरं कारण काढून घ्या. बहुतेकदा ते फ्रीज-टीव्ही नसतं. शेजारची एकटी म्हातारी असते, गोठ्यातली म्हैस असते, देवघर असतं किंवा चोरीची भीती असते. म्हैस आधी कोणाच्या मळ्यात न्यायची, म्हातारीला गाडीत कोणी घ्यायचं हे ठरलं की माणसं उठतात.

चिपळूण, महाड, खेडकडे असा वेळ मिळत नाही. तिथे घाटमाथ्यावर धो धो पडलं आणि खाली भरती असली की वाशिष्ठी किंवा सावित्री काही तासांत बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणकरांना रात्रीतून पाण्याने गाठलं. त्यामुळे तिकडे फुटांचा आकडा ठरवत बसू नका. रेड अलर्ट आणि मोठी भरती एका दिवशी असली की रात्र उंचावरच्या घरी काढायची, एवढाच नियम. आणि घर डोंगराच्या कुशीत असेल तर पावसात जमिनीला नवी भेग, तिरका झालेला विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला झरा यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी निघायचं. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इरशाळवाडी (२०२३) या तिन्ही गावांवरच्या दरडी जुलैतल्या आहेत.

आकडे परदेशातून कसे वाचायचे

“कोयनेतून पन्नास हजार क्युसेक सोडले” हे वाचून घाबरायला होतं, पण नुसत्या आकड्याने काही कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. साधारण ११,५७४ क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतं, म्हणजे पन्नास हजार क्युसेकने दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या आसपास. कोयनेची पूर्ण क्षमता १०५ टीएमसी. धरण किती भरलंय, आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय हे तिन्ही एकत्र पाहा. आत येणारं बाहेर जाणाऱ्यापेक्षा खूप जास्त असेल आणि धरण जवळपास भरलेलं असेल, तर विसर्ग अजून वाढणार.

घरच्यांसाठी मात्र याहून कामाचा आकडा पुलाचा: मागच्या तीन तासांत किती इंच चढलं. तो दर काढा आणि आपल्या गल्लीच्या आकड्याला किती तास उरले ते सांगा. “काळजी घ्या” या मेसेजपेक्षा “या वेगाने पहाटे चारला गल्लीत पाणी” हा मेसेज माणसाला हलवतो.

नृसिंहवाडीला चढता दक्षिणद्वार सोहळा (कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडणं) झाल्याचे फोटो ग्रुपवर आले की सगळे हात जोडतात. जोडावेत. पण शिरोळ तालुक्यात घर असेल तर त्याच फोटोचा दुसरा अर्थ म्हणजे पाणी चढतीवर आहे, बॅगा काढा. आणि “धरण फुटलं” हा मेसेज दर पुरात येतो. जिल्हा प्रशासन किंवा जलसंपदा विभागाकडून खात्री होईपर्यंत तो पुढे पाठवू नका. अंधारात त्या एका ओळीने माणसं पळत सुटतात आणि पाण्यात पडतात.

फोनचं शिस्तपत्रक

भारतातल्या कोरड्या गावचा एक माणूस नेमा. पुण्याचा मामा, विट्याची आत्या, कोणीही चालेल, पण एकच. घरच्यांनी फक्त त्याला कळवायचं, त्याने ग्रुपवर. परदेशातून थेट फोन बंद. घरचे दिवसातून दोनदा, सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ ला, फोन चालू करून एक साधा एसएमएस टाकतील. सकाळी ८ म्हणजे दुबईत साडेसहा, न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा. संध्याकाळी ७ म्हणजे लंडनमध्ये दुपारचे अडीच. एसएमएसच का? कॉल लागत नाही अशा मरतुकड्या नेटवर्कवरही तो अडत-अडत निघून जातो, आणि व्हॉट्सअॅपला लागणारं इंटरनेट सगळ्यात आधी जातं. मजकूर एवढाच: “सगळे ठीक. पाणी दुसऱ्या पायरीला. माडीवर. औषध ४ दिवस.”

टॉवर बॅटरी आणि डिझेल जनरेटरवर चालतात. वीज जाऊन काही तास झाले आणि डिझेल पोचलं नाही की टॉवर मरतो, मग फोन कितीही भरलेला असो. म्हणून घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हवीत. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कधी कधी कंपन्यांना एकमेकांचे टॉवर वापरू देतो. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावं लागतं. हे आई-बाबांना मे महिन्यातच एकदा करून दाखवा. वीस हजार एमएएचची पॉवर बँक घेऊन द्या, पण तिच्यातलं जवळजवळ एक तृतीयांश वाया जातं हे लक्षात ठेवा. पाच हजार एमएएचची बॅटरी असलेला फोन दोन-अडीच वेळा भरेल. बटणांचा जुना फोन असेल तर सोन्याहून पिवळं, तो एका चार्जवर कित्येक दिवस निघतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या प्रीपेडचं तीन महिन्यांचं रिचार्ज तुम्हीच करून टाका. पुरात रिचार्ज संपलं आणि जाणारे कॉल बंद झाले, ही अगदी फुकटची आपत्ती आहे.

मुलगा जहाजावर असेल तर त्याला वेगळं सांगून ठेवायचं: कंपनीच्या क्रू विभागाचा ईमेल घरच्या नेमलेल्या माणसाकडे हवा. तिथून निरोप कप्तानापर्यंत जातो.

मदत मागायची वेळ आली तर

११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे लघु क्रमांक परदेशातून लागतील अशी आशा धरू नका. तुम्हाला हवा नियंत्रण कक्षाचा पूर्ण लँडलाइन क्रमांक. तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असतो, मे महिन्यातच उतरवून एकदा लावून पाहा. परदेशातून लावताना एसटीडी कोडातला पहिला शून्य गाळायचा: सांगली ९१-२३३, कोल्हापूर ९१-२३१, चिपळूण ९१-२३५५, महाड ९१-२१४५ आणि पुढे क्रमांक.

समोरच्या माणसाकडे शेकडो फोन येत असतात, म्हणून रडगाणं नको. असं लिहून समोर ठेवा आणि वाचून दाखवा:

“माणसं चार. वय ७४, ७०, ४१, ६. एकाला चालता येत नाही, खुर्ची लागेल. दुसऱ्या मजल्यावर गच्चीत. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला. इमारत पिवळी, गच्चीवर काळ्या दोन टाक्या, मागे मारुती मंदिराचा कळस दिसतो. इन्सुलिन उद्या सकाळपर्यंत. फोन अमुक, बॅटरी ३० टक्के. निरोप मंगळवार, दुपारी २ चा.”

“गणपती मंदिरासमोर, किराणा दुकानाशेजारी” असल्या पत्त्याचा बोटवाल्याला काही उपयोग नसतो, कारण दुकानाची पाटी पाण्याखाली आहे. वरून दिसेल तेच सांगा. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन बॅटरी खातं. एकदाच स्थिर लोकेशन मागून ठेवा, किंवा नकाशावर घराची खूण तुम्हीच आत्ता जतन करा. समाजमाध्यमावर मदतीची हाक टाकली तर तारीख-वेळ लिहा आणि सुटका झाली की ती पुसा. न पुसलेली हाक दोन दिवसांनीही फिरत राहते, आणि बोट रिकाम्या घराकडे जाते.

पैसा पोचवायचा कसा

पुरातल्या गावात यूपीआय चालत नाही, एटीएम बंद असतं, दुकानदार रोख मागतो. म्हणून जूनमध्येच घरात पाचशेच्या आणि शंभरच्या मिळून दहा-पंधरा हजार प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. पुढचे पैसे आई-वडिलांच्या खात्यात नाही, कोरड्या गावच्या नेमलेल्या माणसाच्या खात्यात टाका. तो रोख घेऊन जाऊ शकतो.

परदेशी बँकेतून थेट पाठवलेले पैसे यायला एक ते तीन दिवस जातात, मध्ये शनिवार-रविवार आला तर अजून. त्यामुळे पावसाळ्याआधी आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यात काही रक्कम पडून असू द्या. तिथून आयएमपीएसने रात्री दोनलाही क्षणात जाते. पण एक ग्यानबाची मेख आहे. अनेकांच्या या खात्याचा ओटीपी जातो भारतातल्या जुन्या सिमवर, आणि ते सिम असतं वडिलांच्या कपाटातल्या फोनमध्ये. घर बुडालं की तुमचं खातंही बुडालं. खात्याला परदेशातला नंबर आत्ताच जोडून घ्या. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, अमिरात, ओमान, कतार, सौदी इथल्या नंबरांवर या खात्यांचं यूपीआयही मिळू शकतं. आपली बँक देते का ते विचारा. मनी ट्रान्सफरच्या दुकानातून पाठवलं तर एका वेळी २,५०० डॉलरची मर्यादा आहे, आणि रोख ५० हजार रुपयांपर्यंतच हातात मिळते, त्यावरची रक्कम खात्यातच जाते.

गावातल्या संस्थेला देणगी द्यायची असेल तर पासपोर्ट कोणता ते पाहा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. ओसीआय कार्डधारकाची (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) मात्र मानली जाते, आणि एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या मंडळाने ती घेतली तर अडचण मंडळाची होते. ओसीआय मुलाने नातेवाइकांना पाठवलेली रक्कम वर्षात १० लाखांच्या वर गेली तर घेणाऱ्याने केंद्र सरकारला तीन महिन्यांत कळवायचं असतं.

विमान कधी पकडायचं

जीव कासावीस होतो, तिकीट काढावंसं वाटतं. थांबा. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. मुंबईत उतरून लोक पुण्यातच अडकले. पाणी असताना तुम्ही गेलात तर आणखी एक खाणारं तोंड आणि एक चार्ज मागणारा फोन. माणसं लागतात ती पाणी उतरल्यावर. त्या वेळी पोचेल असं तिकीट काढा, कोल्हापूर नाही मिळालं तर बेळगाव किंवा गोवा पाहा. अमेरिकेत एच-१बी वर असाल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल, किंवा ग्रीन कार्डचा अर्ज मधल्या टप्प्यावर असेल, तर निघण्याआधी वकिलाला विचारा; परतीचं दार बंद होऊ शकतं.

पाणी उतरल्यावरचे पहिले तीन दिवस

गाळ काढायची वेळ म्हणजे पाणी पूर्ण ओसरायच्या आधीची. घोटाभर पाणी असतानाच ते खराट्याने ढवळत राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर गाळ बाहेर लोटायचा. दोन दिवस थांबलात तर तोच गाळ फरशीवर विटेसारखा बसतो, मग फावडं, टँकर आणि चार माणसांची मजुरी. पण पाण्यात पाय घालण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, इन्व्हर्टर सुटा केलाय ना, हे पाहिलं पाहिजे. वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. तरंगून आडवं पडलेलं गॅस सिलिंडर वापरायचं नाही, बदलून घ्यायचं. पायात गमबूट हवेत, कारण लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा आजार) जखमेतून शिरतो; नंतर ताप आला तर डॉक्टरला “पुराच्या पाण्यात होतो” हे आवर्जून सांगायचं.

वडिलांना गाडी आणि स्कूटर सुरू करू नका असं आधीच बजावा. सगळ्यांचा पहिला हात किल्लीकडेच जातो. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी म्हणते हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलंत. टो करूनच गॅरेजला न्यायची.

झाडलोट करण्याआधी फोटो. हे काम घरातल्या सगळ्यात तरुण माणसाला द्या. प्रत्येक खोलीत चार कोपऱ्यांतून चार, भिंतीवरची पाण्याची रेषा मोजपट्टी लावून, फ्रीज-मोटर-वॉशिंग मशीनवरचा अनुक्रमांक जवळून. नेट आलं की ते तुमच्याकडे पाठवायचे. यादी, किमती, जुनी बिलं शोधणं हे तुमचं. विम्याचा दावा तुम्ही ईमेलने त्याच दिवशी कळवा. भारत गृह रक्षा पॉलिसी असेल तर तिच्यात पूर आणि दरड दोन्ही येतात, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

सरकारी मदत पंचनाम्यावर चालते. गावात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), शहरात महापालिकेची माणसं दारोदार येतात. कुलूप दिसलं की पुढे जातात. सगळे नातेवाइकांकडे गेले असतील तर दिवसा कोणीतरी एक जण घरी हवा, रेशन कार्ड, आधार आणि बँक पासबुकच्या प्रती घेऊन. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि कपडे व भांड्यांसाठी कुटुंबाला अडीच-अडीच हजार मिळतात. राज्य वर भर घालतं तेव्हा वेगळा आदेश निघतो. घरात पाणी किती दिवस होतं हा प्रश्न हमखास येतो, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा तारखेसह फोटो जपा. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात. खातं बंद पडलेलं असेल तर यादीत नाव येऊनही रक्कम येत नाही. घर तुमच्या नावावर आणि राहतात आई-वडील, अशा वेळी दोन्ही गोष्टी पंचनाम्यात स्पष्ट लिहून घ्या.

वडिलांचा फोन बुडाला असेल तर सिम त्याच नंबरचं नवीन मिळतं, पण त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे ओटीपी नाही. दुकानदार फसवतोय असं समजून भांडू नका, एक दिवस जाऊ द्या.

कागदपत्रं: तुमची आणि त्यांची

तुमचे जन्मदाखले आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं अजून गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात असतील. तोच खण आधी बुडतो. येत्या सुट्टीत ती वर हलवा, जाड झिप पिशवीत घाला आणि प्रत्येकाचं स्कॅन दोन ठिकाणी ठेवा. सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा मिळतो, बाकी बरंच डिजीलॉकरमध्ये येतं. खरा घोर जुन्या खरेदीखताचा आणि हस्तलिखित दाखल्यांचा. बँकेच्या लॉकरचाही भरवसा धरू नका: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पुरासारख्या आपत्तीत लॉकरमधल्या वस्तूंची भरपाई बँकेवर नसते. सोन्याला पाण्याने काही होत नाही, सोन्याखाली ठेवलेल्या कागदांचा लगदा होतो.

भिजलेला गठ्ठा लगेच उलगडू नका, पानं फाटतात. गाळ स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, मध्ये कोरे कागद घालून सावलीत पंख्याखाली ठेवा आणि ते कागद बदलत राहा. ऊन दाखवलं की शाई उडते आणि पान आकसतं.

मालमत्ता तुमच्या नावावर असेल आणि विमा, दुरुस्ती, कर यांसाठी भावाने सही करायची असेल, तर मुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत कुरियरने पाठवा, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायला सांगा. ही तीन महिन्यांची अट कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ऐन वेळी कागद निरुपयोगी ठरतो.

आई-बाबा परत कधी जातील?

भिंती बाहेरून आठ दिवसांत कोरड्या दिसतात, आतून नाही. विटेने प्यायलेलं पाणी उतरायला आठवडे लागतात. त्याआधी रंग दिला तर दिवाळीपर्यंत पोपडे आलेच. दम्याच्या माणसाला अशा घरात ठेवू नका. तोवर लेकीच्या, पुतण्याच्या घरी राहणं आलं, आणि दोन आठवड्यांनी तिथेही अवघडलेपण सुरू होतं. किराणा, दूध, गॅसचा खर्च यजमानाला न विचारता तुम्ही परस्पर पाठवत चला; मागायची वेळ आणू नका. महिन्याहून जास्त लागणार असेल तर त्याच गावात उंचावर छोटं भाड्याचं घर बघा. पुण्यात फ्लॅट घेऊन देण्याची घाई मुलं करतात, पण तिथे पंचनाम्याची यादी, ओळखीचा डॉक्टर आणि संध्याकाळचा कट्टा नसतो. आई-बाबांना तुमच्याकडे परदेशात यायचंच झालं तर व्हिसाआधी आरोग्य विमा पाहा. जुन्या दुखण्यांना तो कुठवर चालतो ते लेखी घ्या, आणि निघण्याआधी पंचनाम्याचं काम पूर्ण झालंय ना, आधार जोडलेला फोन चालू अवस्थेत सोबत आहे ना, एवढं तपासा.